ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपासून टाके काढेपर्यंत: सर्जिकल वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी

"काका, काही खाल्लंत का?"

"नाही सिस्टर. काल रात्रीपासून पोटात काही नाही."

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी काकांना ट्रॉलीवर घेतलं, फाइल छातीशी धरली आणि निघाले. थिएटरच्या दारात भूलतज्ज्ञांनी विचारलं, "आणि चहा?" काका म्हणाले, "चहा घेतला की सकाळी, बशीभर." ट्रॉली आल्या वाटेने परत वॉर्डात. काका खोटं बोलले नव्हते. आपल्याकडे चहा म्हणजे खाणं नव्हे, धड पिणंही नव्हे. प्रश्न माझाच अर्धवट होता. नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते.

कॉलेजात तुम्ही कॅथेटर घालायला शिकलात, ड्रेसिंग शिकलात, ऑटोक्लेव्हचं तापमान पाठ केलंत. वॉर्डात पहिल्या महिन्यात अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: रुग्णाला कुठल्या शब्दांत विचारायचं आणि त्याने त्याच्या शब्दांत सांगितलेलं कसं ऐकायचं. म्हणून खाली क्रम कामाचाच ठेवलाय, पण भर विचारण्यावर दिलाय. तुमच्या रुग्णालयाचे लेखी नियम आणि डॉक्टरांची ऑर्डर याच्या वर आहे, हे धरून चाला.

आदल्या संध्याकाळी

राउंड झाला, नातेवाइकांची गर्दी ओसरली की रुग्णाच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसा. उभ्या उभ्या विचारलेल्या प्रश्नांना माणसं "हो", "नाही" एवढंच बोलतात. दहा मिनिटं बसलात तर उद्याचा तासभर वाचतो.

"औषधं चालू आहेत का?" या प्रश्नाला निम्मे लोक "नाही" म्हणतात, कारण बीपीची गोळी ही त्यांच्या लेखी औषध राहिलेली नसते, ती रोजची सवय झालेली असते. त्याऐवजी विचारा, "सकाळी उठल्यावर कुठली गोळी घेता? पिशवीत आहे का, दाखवा बघू." पिशवी उघडली की सगळं बाहेर येतं: बीपीची, साखरेची, रक्त पातळ ठेवणारी, आणि गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी. ती पुडी महत्त्वाची. असल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते अचानक बंद झालं तर ऑपरेशनच्या वेळी बीपी कोसळू शकतं. कुठली गोळी चालू ठेवायची, कुठली थांबवायची हे तुम्ही ठरवायचं नाही. तुम्ही यादी करायची, डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना दाखवायची आणि त्यांचं उत्तर लिहून घ्यायचं.

"ॲलर्जी आहे का?" असं विचारू नका. "कुठल्या गोळीने किंवा इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का? तोंड सुजलं, दम लागला असं कधी झालं का?" असं विचारा. उत्तर "हो" आलं तर फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा.

तंबाखूचं विचारताना पुरुषांना विचारतो आणि बायकांना सोडतो, ही आपली जुनी खोड. खेड्यातल्या आजींना "मिश्री लावता का?" असं थेट विचारा. त्यांच्या दृष्टीने ते दात घासणं असतं, तंबाखू नव्हे. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे "दात घासून आले" म्हणजे काय घासून आल्या, हे माहीत असलेलं बरं.

शिवाय हलणारा दात, कवळी, पूर्वीच्या भुलेच्या वेळी घरात कुणाला झालेला त्रास, आणि बाळंतपणाच्या वयातल्या बाईची पाळी कधी आली होती. हा शेवटचा प्रश्न सासू-नवरा बाजूला नसताना विचारा.

आता उपाशी राहण्याचं. आपण सगळे त्याला एनबीएम (निल बाय माउथ, म्हणजे तोंडाने काही नाही) म्हणतो, रुग्णाला ते कळत नाही. ठरलेल्या वेळेच्या ऑपरेशनसाठी भूलशास्त्रातला सर्वसाधारण नियम असा आहे:

- तळलेलं, मटण, भरपेट जेवण: 8 तास आधी बंद
- हलकं जेवण, दूध, दुधाचा चहा: 6 तास
- अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचं दूध: 4 तास
- साधं पाणी: 2 तास

"रात्री बारानंतर काही नाही" असं सरसकट सांगायला सोपं जातं, म्हणून आपण तेच सांगतो. पण ज्याचा नंबर दुपारी तीनला आहे तो म्हातारा मग पंधरा तास निर्जळी राहतो, लहान मूल रडून रडून गळून जातं, आणि मधुमेहाच्या रुग्णाची साखर उतरते. यादीतला क्रमांक पाहा, भूलतज्ज्ञांना विचारा, आणि रुग्णाला घड्याळातली वेळ सांगा: "चहा रात्री दहानंतर नाही. पाणी पहाटे सहापर्यंत प्या, मग घोटही नाही." तेच सोबतच्या नातेवाइकालाही सांगा. बिस्किटाचा पुडा त्याच्याकडे असतो.

संमतीपत्राबद्दल एवढं लक्षात ठेवा. ऑपरेशन समजावून सांगणं डॉक्टरांचं काम आहे. तुम्ही साक्षीदार आहात. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही त्याचीच किंवा तिचीच. नवऱ्याची, मुलाची सही तिच्या जागी चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय, आणि तपासणीपुरती दिलेली संमती पुढच्या ऑपरेशनला पुरत नाही हेही त्यातच आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागलं तर गोष्ट वेगळी. सही झाल्यावर मी एक प्रश्न हमखास विचारते: "ताई, उद्या काय करणार आहेत, मला सांगा बरं." "पिशवी काढणार" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारते, कुठली? पित्ताची पिशवीही पिशवी आणि गर्भाची पिशवीही पिशवीच. उत्तर गडबडलं तर सही असूनही डॉक्टरांना बोलवा. चिडले तर चिडू द्या.

निघण्याआधी दोन गोष्टी करून घ्या, नुसत्या सांगू नका. पोटावर उशी घट्ट धरून खोकून दाखवायला लावा. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर हातात देऊन श्वास आत ओढायला लावा. दहातले आठजण फुंकतात. हे आज शिकवलं तर उद्या जमतं. टाके पडल्यावर शिकवायला गेलात तर रुग्ण तुमच्याकडे पाठ करून झोपतो.

सकाळी, ट्रॉली येण्याआधी

आंघोळ, स्वच्छ गाऊन. केस काढायचे ते अडचण होत असेल तरच, आणि क्लिपरने. वस्तऱ्याने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि तिथून जंतू शिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तरा नकोच म्हटलंय. तुमच्याकडे अजून "पार्ट प्रिपेअर" म्हणून वस्तराच चालत असेल तर इन-चार्ज सिस्टरांशी बोला. एका दिवसात बदलणार नाही, पण बोला.

दागिने हा नाजूक भाग. अंगावरच्या धातूशी कॉटरीमुळे (विजेवर चालणारं, कापणारं आणि रक्त थांबवणारं उपकरण) भाजण्याचा धोका असतो, आणि सुजलेल्या बोटातली अंगठी रक्तपुरवठा अडवते, म्हणून सगळं काढायचं: बांगड्या, जोडवी, चमकी. मंगळसूत्राला मात्र हात घालण्याआधी थांबा. पडदा ओढा, कारण सांगा आणि तिच्या माणसाला काढू द्या. करदोटा किंवा ताईत असेल तर न विचारता कात्री चालवू नका. सोडवून नातेवाइकाच्या हातात द्या, घरी गेल्यावर बांधतील. रजिस्टरमध्ये लिहिताना "सोन्याचं मंगळसूत्र" असं कधी लिहू नका. "पिवळ्या धातूचं, काळ्या मण्यांचं, एक" असं लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. सोनं आहे की नाही हे आपण तपासलेलं नसतं, भांडण मात्र आपल्याशी होतं.

नखांचा रंग पुसा. मेंदी गडद असेल तर ऑक्सिजनचा प्रोब नीट वाचत नाही असा अनुभव येतो; मेंदी नसलेलं बोट किंवा कानाची पाळी शोधा. कवळी पाण्याच्या डबीत, डबीवर नाव.

मनगटावरची पट्टी वाचा आणि नाव विचारा. "सुनीता पाटील ना?" असं नाही. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो, आणि एका वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं ही आपल्याकडे काही अपूर्वाई नाही. "तुमचं पूर्ण नाव सांगा. वय? कशाचं ऑपरेशन आहे? कुठल्या बाजूचं?" बाजूची खूण सर्जननी रुग्ण जागा असताना केलेली हवी, आणि फाइलमध्ये "उजवा" किंवा "डावा" असा पूर्ण शब्द हवा.

एचआयव्हीचा रिपोर्ट फाइलच्या आत. पलंगाच्या पाटीवर, ट्रॉलीवर, कुठेही खूण नको. 2017 च्या कायद्याने ती माहिती उघड करण्याला मनाई आहे. काळजी सगळ्यांसाठी सारखीच घ्यायची, म्हणजे खुणेची गरजच उरत नाही.

शेवटी लघवी करून आले का विचारा, आणि अँटिबायोटिक कधी द्यायचं ते पाहा. बहुतेक अँटिबायोटिक छेद देण्याआधीच्या तासाभरात जायला हवीत. वॉर्डात पहाटे सहाला देऊन टाकलं आणि केस अकराला लागली, तर त्याचा उपयोग संपलेला असतो.

थिएटरमध्ये

नव्या माणसाला इथे पहिले काही आठवडे फ्लोअर नर्स म्हणून, म्हणजे निर्जंतुक टेबलापासून लांब राहून लागेल ते आणून द्यायला, उभं करतात. स्क्रब केलेल्याच्या (हात धुऊन निर्जंतुक गाऊन-हातमोजे घातलेल्याच्या) कमरेखालचं आणि पाठीकडचं सगळं निर्जंतुक नाही असं समजायचं, हे आठवड्यात अंगवळणी पडतं. शंका आली की ते दूषितच, यावर वाद नाही. बाकीचं थोडक्यात सांगते, कारण हे हात बघूनच शिकता येतं. कॉटरीची प्लेट मांसल, कोरड्या जागी लावा, हाडावर नाही. कातडीवर लावलेलं स्पिरिटचं पेंटिंग पूर्ण वाळल्याशिवाय कॉटरी चालू होऊ देऊ नका, आग लागते. हात बाजूच्या फळीवर 90 अंशांपेक्षा जास्त पसरू नका. पाय वर बांधायचे असतील तर दोन्ही एकदम उचला आणि एकदमच, सावकाश उतरवा. तपासणीला जाणारा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, पण कल्चरला (जंतू वाढवून बघायला) जाणारा कधीही नाही. लेबल डब्याला लावा, झाकणाला नको, कारण झाकणं बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची सुरक्षा यादी 2008 मध्ये आली. भूल देण्याआधी, छेद देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी अशी तीनदा ती मोठ्याने वाचायची. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती तपासली गेली, त्यात नवी दिल्लीही होती. तिथे ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. आपल्याकडे ती अनेकदा केस संपल्यावर एकाच पेनने एकाच दमात भरली जाते. तुम्ही तशी भरू नका.

मोजणीवर मात्र थांबते. मॉप (रक्त टिपायचे मोठे कापडी तुकडे), गॉझ, सुया, अवजारं: सुरू करण्याआधी, पोटाची पोकळी बंद करण्याआधी, कातडी शिवण्याआधी, आणि मधे स्टाफ बदलला तर तेव्हाही. दोघांनी, मोठ्याने, बोर्डावर लिहून. गॉझ कापून अर्धा वापरायचा नाही. मोजणी जुळेपर्यंत कचऱ्याची बादली आणि मळकी चादर थिएटरबाहेर जाऊ द्यायची नाही, मावशी कितीही घाईत असल्या तरी.

एकदा आमचा एक मॉप कमी भरला. सर्जन म्हणाले, "मी बघितलंय, आत काही नाही." पुन्हा मोजला, पुन्हा एक कमी. मी नवी होते, आवाज फुटत नव्हता; स्क्रबला असलेल्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, मोजणी जुळत नाही. बंद करू नये." दहा मिनिटं सगळे खोळंबले. मॉप सापडला तो सक्शनच्या बाटलीमागे, भिंतीला चिकटलेला. सर्जन काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून "मोजणी जुळत नाही" हे शब्द मी नव्या मुलींकडून मोठ्याने म्हणवून घेते. गंमत वाटते त्यांना, पण वेळेला तोंडातून निघतात.

परत आल्यावर: पहिले काही तास

ट्रॉली वॉर्डात शिरली की आधी फाइल घेऊ नका, रुग्णाकडे बघा. श्वास चालू आहे? घोरल्यासारखा आवाज आहे? तो आवाज म्हणजे गाढ झोप नव्हे, जीभ मागे पडलेली असू शकते. हनुवटी वर उचला, जबडा पुढे घ्या, कुशीवर वळवा, ऑक्सिजन लावा, हाक मारा. मग नाडी, बीपी, ऑक्सिजन, ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी), सलाइन, लघवीची पिशवी. मग फाइल.

पहिला तासभर दर 15 मिनिटांनी नोंद, पुढे अर्ध्या तासाने, मग तासाने, ऑर्डरप्रमाणे. आकडे एकेकटे वाचू नका, ओळीने वाचा. नाडी 84, मग 96, मग 112, आणि बीपी मात्र 110/70 वर जसंच्या तसं. नव्या सिस्टर म्हणतात, "बीपी नॉर्मल आहे." तरुण शरीर रक्त जात असतानाही बीपी बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. वाढत जाणारी नाडी ही पहिली बातमी असते. अशा वेळी पाठीखाली हात घालून बघा. ड्रेसिंग वरून कोरडं असतं आणि रक्त कमरेखाली चादरीत साचलेलं असतं. सिझेरियन असेल तर पॅड बघा आणि पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक आहे का बघा.

आणि एक वाक्य कान देऊन ऐका: "सिस्टर, जीव घाबरा होतोय."

नवखी माणसं याला भीती समजतात आणि "घाबरू नका हं" म्हणून पुढे जातात. आपल्या भाषेत "जीव घाबरा होणं" म्हणजे भीती नव्हे. दम लागतोय, धडधडतंय, रक्त कमी पडतंय, साखर उतरतेय, यातलं काहीही त्या तीन शब्दांत असतं. "डोळ्यापुढे अंधारी येतेय", "गरगरतंय", "अंगातून पाणी सुटलंय" ही त्याचीच भावंडं. असं कुणी म्हणालं की बीपी, नाडी, ऑक्सिजन, साखर बघा, पाठीखाली हात घाला आणि डॉक्टरांना फोन करा. फोनवर "पेशंट बरा वाटत नाही" असं सांगू नका: "पलंग 12, हर्निया, तीन तास झाले, नाडी 84 वरून 112, बीपी 100/60, ड्रेसिंग भिजलंय, तुम्ही या." रुग्ण हातपाय आपटतोय, सलाइन ओढतोय, तर आधी ऑक्सिजन कमी पडतोय असं समजा. झोपेचं इंजेक्शन मागायची घाई करू नका.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर पाय काही तास बधिर राहतात. रुग्णाला हुडहुडी भरते आणि प्रेमापोटी नातेवाईक पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. बधिर पायाला चटका कळत नाही. फोड दिसतात ते रात्री. पिशवी उचला, ब्लँकेट द्या.

रात्रपाळी

दुखणं 0 ते 10 मध्ये विचारायचं, हे ठीकच. पण आजींना आकडा सांगता येत नाही आणि काका "चालतंय" म्हणतात. शब्द ऐका. कापल्या जागची आग आणि ओढ अपेक्षित असते. ठणका, तोही चौथ्या-पाचव्या दिवशी नव्याने सुरू झालेला, म्हणजे आत पू धरतोय का बघा. कळ येऊन जाते, ती आतड्याची किंवा लघवीची असू शकते. छातीत चमक आणि दम, पोटरीत दुखून सूज, हे दोन्ही लगेच कळवायचे. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून "पाय चेपून देऊ का?" विचारणाऱ्या सुनेला प्रेमाने थांबवा आणि रुग्णाला स्वतःचे पंजे वर-खाली हलवायला लावा.

लघवी: साधारण तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला तासाला 30. कॅथेटर नसेल तर "लघवी झाली का?" पुरत नाही. "किती झाली? मोकळी वाटली का?" थेंबथेंब होणारी लघवी हे कधी कधी तुडुंब भरलेल्या मूत्राशयाचं लक्षण असतं. ओटीपोटावर हात ठेवून बघा.

रक्त लावायचं असेल तर पिशवी आणि पट्टी दोघांनी मिळून वाचा, पहिली 15 मिनिटं हळू सोडा आणि तिथून हलू नका. पिशवी 4 तासांत संपली पाहिजे. आणि तुम्हालाच सुई टोचली तर बोट पिळू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. "उद्या सांगू" असं मनात येतं, कारण लाज वाटते. लाजू नका.

दुसऱ्या दिवसापासून

पोटाच्या ऑपरेशननंतर सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न विचारायला नव्या मुली लाजतात. "गॅस पास झाला का?" हे शहरात चालतं, गावाकडच्या बाबांना "खालून वारा सरला का?" असं विचारा. ते हसतील, सांगतील. आतडी चालू झाल्याची ती खबर आहे.

उठवताना आधी डोकं वर, मग पाय खाली सोडून पाच मिनिटं, मग उभं. "टाके तुटतील" म्हणून घरचे आडवे येतात. त्यांच्यादेखत उशी पोटाशी धरून चालवा. एकदा पाहिलं की पुढच्या वेळी तेच चालवतात.

मग जेवणाचा वाद. भात खाल्ला की पू होतो, आंबटाने टाके पिकतात, वांगं-बटाटा वातूळ, डाळ जड. सगळं वर्ज्य करून रुग्ण चहा-टोस्टवर राहतो आणि जखम भरत नाही. कातडी सांधायला प्रथिनं लागतात, क जीवनसत्त्व लागतं. सासूबाईंशी वाद घालू नका, हरवता येत नाही. "वांगं नका देऊ, पण मुगाचं वरण, अंडं आणि लिंबू द्या, डॉक्टरांनी सांगितलंय" एवढ्यावर तह होतो.

तापाचा ढोबळ आडाखा: पहिल्या दोन दिवसांत छाती बघा, तिसऱ्याच्या आसपास लघवी, पाचव्याच्या पुढे जखम आणि पोटरी. ड्रेसिंग पहिले 48 तास, भिजलं नसेल तर, उघडू नका.

घरी पाठवताना

कार्ड हातात देऊन "सगळं लिहिलंय" म्हणू नका. गोळ्या समोर ठेवा आणि त्यांनाच विचारा, "ही कधी घ्यायची? मग ही?" जखमेवर हळद, राख, झाडपाल्याचा लेप नको. परत कधी यायचं हे त्यांच्या शब्दांत सांगा: ताप, जखमेतून पाणी किंवा वास, पोट फुगून ओकाऱ्या, पोटरी सुजणं, दम लागणं. टाके साधारणपणे चेहऱ्याचे 5 दिवसांत, पोटाचे 7 ते 10, सांध्यावरचे 10 ते 14 दिवसांत निघतात. तारीख सांगू नका, वार सांगा. "पुढच्या बाजाराच्या दिवशी या" म्हटलं की गावची माणसं बरोबर येतात, कारण त्या दिवशी एसटीने तालुक्याला यायचंच असतं. फक्त त्या दिवशी ओपीडी चालू आहे ना, ते आधी बघून घ्या.